वीणेचा भोपळा आणि तात्यांचा हर्निया

पत्र असं आहे:

"ताई, मी तासगाव तालुक्यातला. वय बहात्तर. दीड एकर द्राक्षबाग, गळ्यात माळ, गावच्या भजनात वीणा माझ्याकडं. थोरली नात मिरजेला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा अंगणात बसून डोळा कसा चालतो, मूत्रपिंडं दिवसाला किती गाळतात, असं सांगत होती. ऐकून मला भरून आलं. मी म्हटलं, 'पोरी, एवढं सगळं कुणीतरी डोकं लावल्याबिगर होतं का? आपली वीणा मिरजेच्या कारागिरानं केली म्हणून झाली. वेलाला लागत नाही ती.' ती म्हणाली, 'आजोबा, शरीर आपोआप झालंय. कुणी केलेलं नाही.' शब्दानं शब्द वाढला. शेवटी म्हणाली, 'देवानं डोकं लावून केलं असेल, तर मग तुमचा हर्निया कुणी केला?' माझं ऑपरेशन होऊन तेव्हा आठवडाच झालेला. घरातले सगळे हसले. मी उठून बागेत गेलो. तेव्हापासनं फोनवर 'जेवलीस का' याच्या पुढं बोलणं नाही. संक्रांतीला ती येणार आहे. तुम्ही पोरांना शरीर शिकवलंय म्हणून विचारतो. बरोबर कोण? आणि ती बरोबर असेल तर माळ काढून ठेवायची का? — तात्या"

तात्या,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडवली असणार. माळ काढू नका. ती तुम्ही मूत्रपिंडाकडे बघून घातली नव्हती, तेव्हा मूत्रपिंडापायी काढायचंही कारण नाही.

आता बरोबर कोण. मुद्द्यात नात बरोबर आहे, बोलण्यात चुकली. तुमचा निष्कर्ष चुकला, पण प्रश्न चांगला होता, आणि त्याचं धड उत्तर तिनं तुम्हाला दिलं नाही. 'आपोआप झालं' हे काही उत्तर नव्हे. पहिल्या वर्षाच्या पोरांना तो शब्द फार आवडतो. मीही त्या वयात तो असाच तोंडावर फेकायची.

तुम्हाला भरून आलं, त्यात अडाणीपणा काही नाही. तीसेक वर्षं मी शरीररचना शिकवली. फॉर्मालिनच्या वासानं डोळे चुरचुरत असतानाही दर वर्षी एका जागी माझा हात थांबायचा. वीणेची तार तुम्ही ज्या बोटानं छेडता, ते बोट वाकवणारा एकही स्नायू त्या बोटात नसतो. ओढणारे स्नायू तळहातात आणि कोपराच्या खाली, आणि तिथून मनगटातून दोऱ्या निघालेल्या, कळसूत्री बाहुलीच्या असतात तशा. त्यातली वरची दोरी बोटाच्या मधल्या पेरापाशी दुभंगते आणि खालची दोरी त्या फटीतून निघून टोकाच्या पेरापर्यंत जाते. सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ बोलले नव्हते.

तेव्हा 'कुणीतरी केलं असेल' हे मनात येणं साहजिक आहे, आणि ते तुमच्या एकट्याच्या मनात आलेलं नाही. घट आहे म्हणजे कुंभार असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार, असं आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हजार वर्षांपूर्वी मांडलं. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांनी तर ईश्वर सिद्ध करायला सगळी ताकद तिथेच लावली. इंग्लंडात विल्यम पेली नावाच्या धर्मगुरूनं १८०२ मध्ये कुंभाराच्या जागी घड्याळजी आणला: माळावर घड्याळ पडलेलं सापडलं, तर ते घडवणारा कुणी असणारच. तरुण डार्विननं केंब्रिजला शिकताना पेली वाचला होता, आणि तेव्हा त्याला तो पटलाही होता.

पण आपल्याकडे हे खोडूनही काढलं गेलं, आणि तेही उदयनांच्या कितीतरी आधी. सातव्या शतकातले बौद्ध पंडित धर्मकीर्ती यांचा सवाल असा: मातीचा घट कुंभार करतो एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा असेल, तर वारूळही मातीचंच आहे, तेही कुंभारानं केलं म्हणाल का? बत्तीस शिराळा तुम्हाला काही लांब नाही. वारूळ कधी जवळून बघा. आत दालनं, वाटा, हवा खेळायची सोय. ते बांधणारी वाळवी बहुतेक आंधळी असते. हुंगत, चाचपत ती आपली मातीची गोळी आधीच्या गोळ्यांपाशी ठेवते आणि दुसरी आणायला जाते. नकाशा कुणाच्याच डोक्यात नसतो, आणि वारूळ मात्र पुरुषभर उंच होतं. एवढंच कशाला, वेद प्रमाण मानणारे मीमांसकसुद्धा जगाला एक कर्ता आहे ही गोष्ट मानत नव्हते. म्हणजे देव मानणारे एकीकडे आणि न मानणारे दुसरीकडे, असा सरळ हिशेब या वादात कधीच नव्हता. तुमच्या अंगणात तो तसा झाला, कारण दिवाळी होती आणि बघायला माणसं जमली होती.

आता हर्निया. नातीनं टोमणा मारला खरा, पण बहुधा त्याच आठवड्यात तिला तो वर्गात शिकवला असणार, कारण शिकवण्यासारखाच तो विषय आहे.

आईच्या पोटात मुलगा वाढत असतो तेव्हा त्याची वृषणं आधी वर, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात. माशांमध्ये ती पोटातच राहतात आणि त्यांचं काही अडत नाही. आपल्यासारख्या उष्ण रक्ताच्या बहुतेक सस्तन प्राण्यांत मात्र शुक्रजंतूंना अंगापेक्षा दोन-तीन अंश थंड जागा लागते. म्हणून जन्माच्या आधी ती पोटाच्या भिंतीतून वाट काढत खाली पिशवीत उतरतात. उतरताना भिंतीत जी वाट पडते ती पुढे बुजते, पण जागा कच्ची राहते. बैलाचं पोट दोन जोडी पायांच्या मध्ये झोळीसारखं लटकतं, त्यामुळे त्याच्या आतड्यांचा भार त्या जागेवर फारसा येत नाही. आपण दोन पायांवर उभे राहिलो आणि तो भार नेमका तिथेच यायला लागला. त्यात जन्मभर पाठीवर फवारणीचा पंप, हातात भरलेले क्रेट, औषधानं लागणारा खोकला. एक दिवस आतडं त्या वाटेनं डोकावतं. जुनी माणसं याला अंतर्गळ म्हणतात. आयुष्यात कधी ना कधी साधारण चार पुरुषांतल्या एकाला तो होतो, तेव्हा लाजायचं काही कारण नाही, आणि घरातल्यांनी हसायचंही नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या गळ्यातली, आणि भजन म्हणणाऱ्याला ती मी सांगणारच. स्वरयंत्र हलवणारी डावीकडची नस मेंदूतून खाली येते, स्वरयंत्राच्या बोटभर शेजारून जाते, आणि थांबत नाही. तशीच छातीत उतरते, हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्राला लागते. जिराफातही हाच रस्ता आहे, आणि त्याच्या मानेची लांबी लक्षात घ्या, म्हणजे फेरा केवढा ते कळेल. बागेत कुणी ठिबकची नळी अशी टाकली असती, तर दुसऱ्या दिवशी त्याला तुम्ही बांधावर उभं केलं नसतं. आणि हा नुसता विनोद नाही. आवाज बसला म्हणून माणूस येतो, घशात काही सापडत नाही, आणि दुखणं निघतं छातीत: फुप्फुसातली गाठ, नाहीतर फुगलेली महाधमनी, तिथे ही नस दाबली गेलेली.

ती अशी का गेली, याचं उत्तर माशात आहे. माशाला मान नसते. त्याच्यात हीच नस कल्ल्याकडे जाते, आणि तिथे रक्तवाहिनीच्या मागून जाणं हाच जवळचा रस्ता असतो. पुढे लाखो पिढ्यांत मान लांबत गेली, हृदय छातीत खाली गेलं, आणि त्या रक्तवाहिनीमागे अडकलेली नस तिच्याबरोबर ओढली गेली. मध्येच तोडून सरळ जोडून घ्यायची सवड कुठल्याही पिढीला नव्हती.

साताऱ्यात आमचा जुना वाडा होता. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर चुलत्यांच्या माजघराची भिंत. संडास जिन्याखाली. विजेची वायर दिंडी दरवाजावरून चौकाला प्रदक्षिणा घालून शेजारच्याच खोलीत यायची. पाहुणा हमखास विचारायचा, हे असं कुणी बांधलं? एका कुणी बांधलंच नव्हतं. पणजोबांनी दोन खण बांधले, त्यांच्या मुलानं पडवी बंदिस्त केली, वाटणीत मध्ये भिंत आली, मग वीज आली, मग नळ आला. आणि या सगळ्या काळात वाडा एक दिवसही रिकामा झाला नाही. चूल पेटती ठेवूनच जो तो आपापली डागडुजी करत गेला. शरीर मला नेहमी त्या वाड्यासारखं दिसत आलं आहे. राहायला उत्तम, पण आर्किटेक्टच्या कागदावरून उतरलेलं नाही.

फक्त वाड्यात डागडुजी करणारी माणसं होती. शरीरात कोण करतं? इथे तुमच्या नातीचा 'आपोआप' कमी पडतो, आणि इथे तुम्ही तिच्यापेक्षा जाणकार आहात, कारण तुम्ही द्राक्षवाले.

दावण्या या वेलीवरच्या बुरशीच्या रोगावर नवं औषध आलं की पहिल्या हंगामात कसं जादूसारखं लागू पडतं. तेच तेच मारत राहिलं की काही वर्षांनी पानामागची पांढरी बुरशी जागची हलत नाही. दुकानदार सांगतो, 'तात्या, औषधाचा गट बदला.' बुरशीनं काही बैठक भरवून ठरवलेलं नसतं. कोट्यवधी बीजाणूंत दोन-चार मुळातच जरासे निराळे असतात, औषधाला न जुमानणारे. औषध येण्याच्या आधी त्या निराळेपणाला काही किंमत नव्हती. औषध आलं, बाकीचे मेले, हे उरले, आणि पुढल्या हंगामात सगळ्या बागेवर यांचीच पिल्लावळ. वेगळेपणा कुठून आला? योगायोगानं. पण कोण टिकलं, हे काही योगायोगानं ठरलं नाही, ते औषधानं ठरवलं. 'आपोआप' या एका शब्दात नातीनं या दोन्ही गोष्टी कोंबल्या, म्हणून तुम्हाला ते फासे टाकून वाडा बांधल्यासारखं वाटलं.

औषधाच्या जागी माणूस ठेवा. थॉमसन सीडलेसच्या बागेत एखाद्या वेलीवर निराळी काडी निघते, मणी लांबट, घड सुटसुटीत. कुणा शेतकऱ्याची नजर तिच्यावर पडते, तो ती काडी राखतो आणि तिच्यापासून बाग वाढवतो. तास-ए-गणेश काय, सोनाका काय, ही थॉमसनमधून अशी निवडूनच आलेली वाणं. मणी लांब करायची युक्ती त्या शेतकऱ्यानं शोधली नव्हती, वेलीनं न सांगता पुढे केलेलं त्यानं उचललं. डार्विननं १८५९ मध्ये आपला ग्रंथ छापला तेव्हा सुरुवात याच गोष्टीपासून केली: कबुतरं आणि जनावरं पाळणाऱ्यांची निवड. मग म्हटलं, माणसाच्या जागी थंडी, भूक, रोगराई आणि शिकारी जनावर ठेवा, आणि वेळ भरपूर द्या.

'पण डोळा?' असं तुम्ही विचारणार. डार्विनलाही ते सुचलं होतं. डोळा निवडीतून झाला असेल असं म्हणणं वरवर बघता हास्यास्पद वाटतं, असं त्यानं स्वतःच लिहिलं, आणि लगेच पुढे पायऱ्या सांगायला घेतल्या. अर्ध्या डोळ्याचा उपयोग काय, असा प्रश्न नेहमी येतो. गावात मोतीबिंदू पिकलेल्या कुणालाही विचारा. नुसता उजेड-अंधार कळला तरी उंबरा सापडतो, दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळते. आणि शेजारच्यांना तेवढंही दिसत नसेल तर? वासरात लंगडी गाय शहाणी. या सगळ्या पायऱ्या आजही जिवंत प्राण्यांत बघायला मिळतात. काहींना नुसता उजेड कळणारा ठिपका. काही चपट्या कृमींना तोच ठिपका वाटीसारखा खोलगट झालेला, म्हणजे उजेड कुठल्या बाजूनं आला ते कळतं. नॉटिलस या समुद्री प्राण्यात वाटीचं तोंड आवळून बारीक भोक झालेलं, भिंग अजून नाहीच. आणि पुढे भिंगवाले डोळे. स्वीडनमधल्या निल्सन आणि पेल्गर या दोघांनी १९९४ मध्ये गणित मांडलं. प्रत्येक पायरीला अगदी किंचित सुधारणा धरली, आणि धरता येईल तेवढा हात आखडता ठेवून धरली, तरी सपाट ठिपक्यापासून माशासारख्या डोळ्यापर्यंत यायला चार लाखांपेक्षा कमी पिढ्या पुरल्या. गणित ते डोळ्याच्या आकाराचं आहे, आतल्या रसायनांचं नाही, हे सांगून ठेवते. पण जिथे कोट्यवधी वर्षं हाताशी आहेत, तिथे चार लाख पिढ्या म्हणजे काही फार नव्हे.

आणि डोळ्यातही वाड्याची खूण आहेच. एक पांढरा कागद घ्या. त्यावर एकाच ओळीत पेनानं दोन ठळक ठिपके काढा, मध्ये आठ सेंटिमीटर अंतर. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्यानं डावीकडच्या ठिपक्यावर टक लावा. कागद हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणा. साधारण फूटभरावर आला की उजवीकडचा ठिपका नाहीसा होईल. गेला कुठे? आपल्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी मागे आहेत आणि त्यांच्या तारा पुढे. त्या साऱ्या तारा गोळा होऊन मेंदूकडे जायला पडद्यातूनच एक भोक पाडून जातात, आणि त्या भोकावर काही दिसत नाही. समुद्रातल्या माकुळाचा डोळा वेगळ्या वाटेनं तयार झाला. त्याच्या तारा मागून निघतात, त्याला असं आंधळं भोक नाही. आपल्या मांडणीचे काही फायदेही आहेत, मागच्या थरातून त्या पेशींची चांगली सरबराई होते, त्यामुळे ती नुसती चूकच असं मी म्हणणार नाही. पण 'डोकं लावून' करणाऱ्यानं निवडक वस्तू माकुळाला का दिली, हे कोडं उरतंच.

तुमच्या वीणेच्या मुद्द्यालाही एक अलीकडचा वकील मिळालेला आहे. अमेरिकेतले मायकेल बेही हे जीवरसायनाचे प्राध्यापक. १९९६ मध्ये त्यांनी मांडलं की काही यंत्रणांतला एक भाग काढला तरी सगळं बंद पडतं, मग त्या पायरीपायरीनं होतील कशा? म्हणजे तुमच्या भाषेत, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढली की वीणा मुकी, तर अर्धी वीणा कोण बाळगेल? रक्त गोठण्याच्या क्रियेचं उदाहरण त्यांनी दिलं. पण त्या साखळीतली एक कडी देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात नाहीच, आणि त्यांचं रक्त व्यवस्थित गोठतं. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात हे शाळेत शिकवावं का यावर खटला झाला. बेही साक्षीला आले होते. २००५ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी निकाल दिला की हे विज्ञान नव्हे.

मला कोर्टापेक्षा तुमचा भोपळा जास्त पटतो. तुमच्या लहानपणी वाळलेला भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकायचे. त्याच्यात कुणी पाणी ठेवायचं, कुणी बी-बियाणं. तोच भोपळा पुढे तारेखाली आला आणि घुमायला लागला. भोपळा वाजण्यासाठी वाढला नव्हता. एकतारी आधी होती. मग तार वाढली, खुंट्या आल्या, घोडीवरची जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, कुणाच्या तरी कानाला गोड लागली म्हणून राहिली. आज घोडी काढली तर वीणा मुकी होते हे खरं. पण ती पहिल्या दिवशीच सगळी जुळून आली होती, असं नाही. तुमच्या कानातही हेच झालंय. कानातली हातोडी आणि ऐरण ही दोन चिमुकली हाडं म्हणजे आपल्या फार जुन्या, सरड्यासारख्या पूर्वजांच्या जबड्याची हाडं. जर्मनीतल्या राइखर्टनं १८३७ मध्ये गर्भांच्या अभ्यासातून ते ओळखलं, आणि पुढे मधल्या टप्प्यांचे जीवाश्मही मिळाले. चावायच्या कामाची हाडं ऐकायला लागली. भोपळा जसा पोहण्यातून भजनात आला.

एक शेवटचा पुरावा सांगते, तो वारकऱ्यालाच नीट कळेल. नाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली, ती का? नकला करता करता चुका शिरल्या होत्या म्हणून. आता समजा, दोन पोथ्यांत एकाच ओवीत, एकाच जागी, तीच चूक सापडली. तुम्ही काय म्हणाल? दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरवल्या. दोघा लेखनिकांची डुलकी एकाच अक्षरावर लागत नाही. आता बघा: शेळी, गाय, कुत्रा यांच्या शरीरात जीवनसत्त्व क तयार होतं. आपल्यात होत नाही, म्हणून आवळा-लिंबू खावं लागतं. ते तयार करणारं जनुक आपल्याकडे आहे, पण मोडकं. आणि चिंपांझी, गोरिला, आपली गावात येणारी माकडं, यांच्यातही ते मोडकंच आहे, आणि मोडीच्या खुणा जुळतात. नव्यानं, डोकं लावून लिहिणारा दोन पोथ्यांत तीच चूक मुद्दाम का लिहील? मला तरी याचं एकच सरळ उत्तर दिसतं, आणि ते नातीच्या बाजूचं आहे.

राहिला पांडुरंग.

मला स्वतःला देवाची गरज लागलेली नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण मी जे वर सांगितलं त्यातून 'देव नाही' हे सिद्ध होत नाही. एवढंच होतं की शरीराची गुंतागुंत हा देवाचा पुरावा म्हणून चालत नाही. थिओडोसियस दोब्झान्स्की हे विसाव्या शतकातले उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक. उत्क्रांतीच्या उजेडाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असं त्यांनी १९७३ मध्ये लिहिलं. ते देव मानणारे होते, आणि उत्क्रांती ही देवाची, किंवा निसर्गाची, निर्मितीची रीत आहे असं त्यांनी त्याच लेखात म्हटलंही आहे.

तुम्ही वारीला जाता ते कुणीतरी कान बनवला म्हणून जाता का? इंजिनिअरला भेटायला कुणी एवढं चालत नाही. आणि एकदा का देवाला कारागीर ठरवलं, की त्याच्याकडे हिशेब मागावा लागतो. हृदयाला भोक घेऊन आलेली बाळं मी पाहिली आहेत. त्यांच्या आयांसमोर 'बघा, केवढी अक्कल लावून केलंय' असं म्हणायची माझी छाती नाही, तुमचीही होणार नाही. अठ्ठावीस युगं विटेवर उभा असलेल्याला तिथून उठवून तुम्ही डोळ्याच्या पडद्यामागे उभं केलंत, तर उद्या नातीच्या पुस्तकात त्या पडद्याचं कोडं सुटेल आणि त्याला पुन्हा जागा बदलावी लागेल. राहू द्या त्याला विटेवर.

आता नातीचं. तुम्हाला लागलं ते तिचं बोलणं, की घरातल्यांचं हसणं? मला पत्र वाचून वाटतं, हसणंच. ते तिला स्पष्ट सांगा: "तू म्हणालीस त्याचं नाही, पण चार माणसांत माझ्या दुखण्यावर हसलात ते मला लागलं." फोन तुम्हीच करा, संक्रांतीची वाट बघू नका. देवाचा विषय काढायचा नाही. विचारा, "गळ्यातली ती नस छातीत उतरून परत वर येते म्हणे, ती कुठली गं?" बघा कशी बोलायला लागते. पहिलं वर्ष सोपं नसतं, तात्या. मराठीतून शिकलेली पोरं दिवसभर इंग्रजी नावं पाठ करतात, आणि टेबलावर एक माणूस झोपलेला असतो, कुणाचा तरी आजोबा. रात्री जेवण जात नाही. त्या वयात माणूस मोठ्यानं बोलतो ते पुष्कळदा आतून हललेलं असतं म्हणून.

ती हे वाचणार असेल, तर तिच्यासाठी दोन ओळी. बाळ, तुझा मुद्दा पक्का होता. पण दोनेक वर्षांत तू वॉर्डात उभी राहशील, आणि समोर धोतर सावरत लाजत बसलेला म्हातारा असेल, त्याला हर्निया असेल. त्याला तू काय सांगशील, ते आजोबांना सांगून बघ आधी.

संक्रांतीनंतर तिला मिरजेला सोडायला तुम्हीच जा. सतारमेकरांच्या गल्लीत तिला घेऊन जा, आणि कारागिराला विचारा की भोपळा तो कसा निवडतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या ढिगातला प्रत्येक भोपळा तो टिचकी मारून बघेल, बरेचसे बाजूला सारेल. तिला ते बघू दे. तुम्हीही बघा.

आणि जानेवारीत तुमची तोडणी सुरू होईल. तुमच्या सर्जननी मोकळीक दिल्याशिवाय क्रेट उचलायचा नाही, पंप पाठीला लावायचा नाही, आणि खोकला अंगावर काढायचा नाही. वीणा तेवढी खांद्यावर घ्यायला हरकत नाही.